आमच्या मोटारींतील धुकें

मनोरच्या पावसाचा ज्यानें एकवार अनुभव घेतला आहे, त्यास ओलाव्याविषयीं निराळें कांहीं सांगावयास नको. मृगाच्या चार सरी पडल्या कीं येथील भिंतींस घाम सुटतो, पेटींतील कपड्यांस वास येतो, मिठाच्या बरणींत पाणी होतें, आणि काड्यापेटीवर काडी ओढतां ओढतां बोटें दुखूं लागतात. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस पालघर व बोईसर-तारापूरच्या पलीकडे समुद्र, आणि या मुलखांतून वाहणाऱ्या वैतरणा व सूर्या. अशा ठिकाणीं जून ते सप्टेंबर हे चार महिने हवा म्हणजे पातळ केलेलें पाणीच असतें. आम्ही याच गांवीं लहानाचे मोठे झालों. त्यामुळें ओलाव्याबद्दल तक्रार करण्याची आम्हांस कधीं संवय नव्हती. परंतु हाच ओलावा आमच्या मोटारींत शिरला, दोन पावसाळे आंत राहिला, आणि एके रात्रीं त्याच्यामुळें आमच्या हातून एका निरपराध माणसाचा प्राण जाण्याची वेळ आली. ती हकीकत सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते. कारण आम्ही याच शाळेंत मुलांस पदार्थविज्ञान शिकवितों, आणि या हकीकतींत जें अज्ञान दिसून येईल तें आमचेंच आहे.

आमची मोटार २००४ सालची. ती आमच्या वडिलांनीं घेतली. तिच्या कारखान्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. वीस वर्षें उन्हापावसांत राहिलेल्या कोणत्याही गाडीचें जें होतें तेंच तिचेंही झालें. पंधरा वर्षें पुरीं झाल्यावर रीतीप्रमाणें तिची पुन्हां नोंदणी करावी लागली. तेव्हां ती विकून टाकावी असा सल्ला आम्हांस पुष्कळांनीं दिला. पण वडील वारल्यानंतर त्यांच्या हातच्या ज्या थोड्या वस्तु घरांत राहिल्या त्यांपैकीं ही एक. शिवाय गाडी चालत होती. तेव्हां ती आम्हीं ठेवली, आणि तिला ऊन लागूं नये म्हणून घरापुढील जुन्या चिंचेखालीं मोठ्या प्रेमानें उभी करूं लागलों. वाचकांनीं ही चिंच लक्षांत ठेवावी.

२०२१ च्या पावसाळ्यांत एक नवी पीडा सुरू झाली. गाडींत बसून दारें लावलीं कीं थोड्याच वेळांत पुढच्या कांचेवर आंतून पांढरें सारवण चढे. आम्हीं त्यावर एक उपाय योजिला: फळा पुसण्याचें एक जुनें फडकें गाडींत ठेवलें. उजव्या हातीं चाक व डाव्या हातीं फडकें अशी आमची स्वारी निघे. सकाळीं गाडी उघडली कीं आंतून कुबट वास येई. त्यावर एक सुगंधी बाटली लटकाविली. तिच्यामुळें कुबट वास गेला नाहीं, मात्र तो गुलाबाचा कुबट वास झाला. जुनी गाडी म्हटली कीं असें व्हावयाचेंच, असें म्हणून आम्हीं आपलें समाधान करून घेतलें.

२०२२ च्या जुलै महिन्यांत एके रात्रीं दहाच्या सुमारास शेजारच्या आजीबाईंस दम्याचा जोराचा झटका आला. त्यांना पालघरला दवाखान्यांत नेणें भाग होतें. पाऊस असा कोसळत होता कीं अंगण ओलांडतांच सर्वजण भिजून चिंब झाले. पुढें आम्ही व आजीबाईंचा मुलगा. मागें आजीबाई, त्यांची सून व लहानगा नातू. अशीं पांच माणसें गाडींत बसलीं. आजीबाई थंडीनें कुडकुडत होत्या, म्हणून आम्हीं एसी लावला नाहीं. बाहेरचा गार वारा लागूं नये म्हणून चारी कांचा घट्ट लावल्या, आणि बाहेरची हवा आंत घेणारी झडपही बंद करून टाकली. प्रत्येक गोष्ट दयेपोटीं केली, आणि प्रत्येक चुकीची केली.

मनोरहून पालघर सुमारें वीस किलोमीटर. वाटेंत वाघोबाचा घाट लागतो. वारली बांधव ज्यास देव मानतात त्या वाघोबाचें ठाणें तेथें आहे, म्हणून घाटास तें नांव. घाट फार मोठा नाहीं, पण वळणें आहेत, आणि पावसांत कड्यावरून पाणी रस्त्यावर येतें. पायथ्यापाशीं येईपर्यंत पुढची कांच पांढरी झाली होती. आम्ही फडक्यानें पुशीत होतों. पण फडकेंच ओलें, पुसलेली जागा चार क्षण स्वच्छ राही आणि पुन्हां भरून येई. आजीबाईंचा मुलगा तळहातानें पुसूं लागला. मागें आजीबाईंच्या छातींतील घरघर ऐकूं येत होती, त्यामुळें गाडी थांबविण्याचें मन होईना. एका वळणावर कांचेवर एक पिंवळा डाग दिसला. आपल्याच दिव्याचा उजेड धुक्यावर पडला असावा असें आम्हांस वाटलें. इतक्यांत शेजारून मुलगा ओरडला, "सर, माणूस!" आम्हीं ब्रेकवर पाय दाबला. गाडी घसरत जाऊन थांबली.

पुढें डोक्यावर इरलें घेतलेला एक माणूस उभा होता. तो पिंवळा डाग म्हणजे त्याच्या हातांतील विजेरी. गाडी व तो यांमध्यें हातभर अंतर राहिलें होतें. तो रागावला नाहीं कीं ओरडला नाहीं. खिडकीपाशीं आला, आंत पाहिलें, आजारी म्हातारी पाहिली आणि इतकेंच म्हणाला, "कांच पुसा, साहेब." मग तो उताराच्या अंगास निघून गेला. त्याचें नांवही आम्हीं विचारलें नाहीं. उरलेला रस्ता आम्हीं चारी कांचा अर्ध्या उघड्या टाकून, पाऊस अंगावर घेत, माणूस चालतो त्या वेगानें काटला. आजीबाई वेळेवर पोहोंचल्या व बऱ्या झाल्या, ही देवाची कृपा. आम्हांस मात्र पुढें कित्येक रात्रीं तो पिंवळा डाग दिसत असे.

आतां कांच नुसती पुसून भागणार नाहीं हें कळलें, म्हणून आम्हीं उपाय विचारावयास सुरुवात केली. उपाय सांगणाऱ्यांची वाण या देशांत कधींच पडली नाहीं. कोणी सांगितलें, बटाटा चिरून कांचेवर घासावा. कोणी तंबाखू सांगितली, कोणी साबण, कोणी दाढीचा फेस. हे उपाय अगदींच खोटे नाहींत. त्यांच्या पातळ थरामुळें पाण्याचे बारीक थेंब सुटे न राहतां एकमेकांत मिसळून पसरतात, आणि त्यांतून दिसतें. पण पाणी कांचेवर यावयाचें थांबत नाहीं. दोनतीन दिवसांत थर निघून जातो आणि पुन्हां तेंच. मिठाची पुरचुंडी ठेविली, तिचें पाणी होऊन गालिचावर सांडलें. औषधांच्या डब्यांतून निघतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवून ठेविल्या. कपाटांतल्या डब्यास त्या पुरतात. आमच्या गाडीपुढें त्यांचा टिकाव लागला नाहीं.

पुढें एकानें सांगितलें कीं एसी लावा. हा सल्ला खरा होता. एसी हें यंत्र आपण गारव्याचें समजतों. पण विलिस कॅरियर यानें १९०२ सालीं न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथें त्याची पहिली योजना केली ती माणसांस गार करण्यासाठीं नव्हे. तेथील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे व आकसे, त्यामुळें एकावर एक छापावयाचे रंग जागेवर बसत नसत. ती हवा कोरडी करण्याकरितां त्यानें ती थंड नळ्यांवरून नेली. नळ्यांवर वाफेचें पाणी झालें, हवा कोरडी झाली, कागद ताळ्यावर आला. मोटारींतील एसीही हेंच करतो. गाडीखालीं जें पाणी ठिबकतें तें हवेंतून काढलेलें असतें.

परंतु अर्धवट ज्ञान घातक. आम्हीं एसी लावला तो अगदीं शेवटच्या खुणेपर्यंत, आणि झोत कांचेवर सोडला. आंतलें धुकें गेलें आणि बाहेरून चढलें! कांच इतकी गार झाली कीं बाहेरची दमट हवाच तिच्यावर घाम सोडूं लागली. आम्ही आंतून फडकें घाशीत होतों आणि कांच स्वच्छ होईना, कारण ओल दुसऱ्या अंगास होती. वायपर फिरविल्याबरोबर ती निघून गेली. त्या दिवसापासून एक नियम केला: प्रथम बोटानें रेघ ओढून धुकें कोणत्या बाजूस आहे तें पाहावें, मग उपाय करावा. बाहेर असेल तर वायपर फिरवावा व एसीचा गारवा कमी करावा. आंत असेल तर एसी बेताचा लावावा, झोत पुढच्या कांचेवर सोडावा, बाहेरच्या हवेची झडप उघडी ठेवावी, आणि गाडींत ऊब देण्याची सोय असल्यास तीही जोडीनें लावावी.

यानें कांच साफ राही, पण एसी बंद केला कीं पांच मिनिटांत पुन्हां तेंच. अशा स्थितींत एके दिवशीं सातवीच्या वर्गांत सांद्रीभवनाचा पाठ निघाला. आम्हीं नेहमींप्रमाणें बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. पेल्यास बाहेरून थेंब आले. आम्हीं विचारलें, "हें पाणी कोठून आलें?" मुलांनीं पाठ केलेलें उत्तर दिलें, "हवेंतून." तेव्हां मागच्या बांकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण हवेंत तें कोठून आलें?" आम्हीं समुद्र, नद्या, तळीं असें उत्तर दिलें व पाठ पुढें नेला. पण तो प्रश्न आम्हांस सोडीना. दोन पावसाळे आम्ही कांचेवरचें पाणी पुशीत होतों. गाडीच्या हवेंत तें येतें कोठून, हें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें.

त्या संध्याकाळीं आम्हीं हिशेब मांडला. २५ अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर २३ ग्रॅम वाफ मावते. २० अंशांस सुमारें १७ ग्रॅमच. लहान मोटारींतली हवा तीन घनमीटरांच्या आसपास. म्हणजे २५ अंशांस सत्तर ग्रॅमांनीं ती काठोकाठ भरते, आणि पावसाळ्यांत ती अगोदरच जवळजवळ भरलेली असते. स्वस्थ बसलेला माणूस श्वास व त्वचा यांवाटें तासाला सुमारें चाळीस ग्रॅम पाणी हवेंत सोडतो. पांच माणसें वीस मिनिटांत पासष्ट ग्रॅमांहून अधिक सोडतात, त्यांत चिंब कपड्यांची भर. झडप बंद असल्यावर हें पाणी जाणार कोठें? गाडींत सर्वांत गार वस्तु म्हणजे पावसानें धुतली जाणारी कांच; तिच्यावरच तें बसणार. घाटांतील रात्रीचा उलगडा झाला. पण आम्ही एकटे, कोरड्या कपड्यांनीं गाडींत बसलों तरी कांच भरते, त्याचें काय? तेव्हां गाडींत दुसराही कोणी "श्वास घेणारा" असला पाहिजे.

रविवारीं आम्हीं रबरी चटई उचलली. खालचा गालिचा ओलसर होता. गालिचा उचलला, तर त्याखालीं आवाज दाबण्यासाठीं घातलेला जाड नमदा पाण्यानें टिच्च भरलेला! पिळला तेव्हां अर्धी बादली काळें पाणी निघालें. पत्र्यावर गंजाचे फोड आले होते आणि कोपऱ्यांत पांढरी बुरशी. अर्धी बादली म्हणजे हजारों ग्रॅम पाणी आमच्या पायाखालीं होतें, आणि आम्ही पुड्यांनीं ओल शोषून घेऊं पाहत होतों.

आतां तें आंत येतें कोठून हें शोधावयाचें. महामार्गावरील एका गॅरेजच्या मिस्त्रींनीं त्याची जी रीत दाखविली ती विज्ञानाच्या शिक्षकास शोभणारी होती. त्यांनीं जमिनीवर कोरडीं वर्तमानपत्रें अंथरलीं, आम्हांस विजेरी देऊन आंत बसविलें, दारें लावलीं, आणि बाहेरून मगानें पाणी ओतूं लागले. एकदम सर्वत्र नव्हे, खालून वर, एका वेळीं एकच जागा. प्रथम दारांचा खालचा भाग. दाराच्या आंत पाणी जातच असतें व तळाच्या भोंकांतून बाहेर पडतें. भोंकें बुजलीं कीं तें आंत वळतें. डाव्या दाराचीं दोन भोंकें मातीनें बुजलीं होतीं, पण कागद कोरडे राहिले. मग दाराचें रबर. तें एके ठिकाणीं चिरलें होतें व तेथें कागदावर एक रेघ उमटली. मग कांचेभोंवतालचें रबर, कांहीं नाहीं. शेवटीं कांचेच्या पायथ्याशीं, बॉनेटच्या मागें जी जाळी असते तिच्यावर मग ओतला. दोन मिनिटें गेलीं, आणि डाव्या बाजूस आमच्या डोळ्यांसमोर वरून धार लागली.

जाळी काढली तों खालचें पन्हळ काळ्या चिखलानें भरलेलें. तो चिखल म्हणजे चिंचेचा पाला! चिंचेचीं पानें बारीक. जाळींतून सहज पडतात, कुजतात, आणि पाणी जावयाची वाट बंद करतात. मग पाण्याचें तळें होतें, आणि तें पंख्याला हवा देणाऱ्या तोंडावाटें आंत उतरतें. ज्या झाडाखालीं आम्ही गाडी जपून ठेवीत होतों त्याच झाडानें, आपला कांहीं दोष नसतां, तिच्यांत पाणी भरलें होतें. दोष इतकाच कीं वर्षानुवर्षें आम्हीं तेथें कधीं हात घातला नाहीं. मिस्त्रींनीं पाला काढला, तारेनें भोंकें मोकळीं केलीं, एसीचें पाणी बाहेर सोडणाऱ्या नळींत चिकट घाण होती तीही फुंकून काढली, आणि दाराचें रबर बदललें. एकंदर खर्च हजार रुपयांच्या आंत. एक खूण त्यांनीं जातां जातां सांगितली: ऊब देण्याची सोय असलेल्या गाडींत कांचेवर तेलकट थर येऊन गोडसर वास येत असेल, तर तें पावसाचें पाणी नव्हे, इंजिन गार ठेवणारें पाणी आंत गळत आहे, तशी गाडी लगेच दाखवावी.

नमदा सुकविणें मात्र हजार रुपयांनीं होणारें नव्हतें. जुलैंत ऊन कोठलें? चार दिवस तो आमच्या ओटीवर पंख्याखालीं पडून होता, आणि घरास सातपाटीच्या सुक्या मासळीच्या ओटल्याची कळा आली. आमच्या सौभाग्यवतींनीं त्या चार दिवसांत जें मौन पाळलें तें आम्ही विसरणार नाहीं. पांचव्या दिवशीं सर्व परत बसविलें, कांच आंतून साबणानें धुऊन कोरड्या कपड्यानें पुसली, कारण मळकट कांचेवर धुकें लवकर धरतें आणि दिव्यापुढें अधिक आंधळें करतें. त्या संध्याकाळीं भर पावसांत एसी न लावतां आम्हीं गांवाबाहेर फेरी मारली. झडप उघडी होती, मागची एक कांच बोटभर खालीं होती. पुढची कांच स्वच्छ राहिली.

जुन्या गाड्या बांधणारांस हें सर्व ठाऊक होतें. वडिलांच्या तरुणपणच्या अँबॅसेडर व पद्मिनी गाड्यांस पुढच्या दारांत तिकोनी लहान कांच असे. ती वळविली कीं एसी नसतांही वारा आंत खेळे. अँबॅसेडरचा कारखाना २०१४ सालीं थांबला, आणि मुंबईच्या काळ्या-पिंवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं रस्त्यावरून गेल्या. त्यांच्याबरोबर ती तिकोनी कांचही गेली. पण गाडींतली हवा बदलती ठेवावी ही तिची शिकवण जुनी झालेली नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मोटार असेल, कदाचित् जुनी असेल. मृग निघण्यापूर्वीं एका रविवारीं वडिलांस सांगा कीं चटई उचलून खालीं हात लावून पाहा, जाळींतला पाला काढा, दारांचीं भोंकें काडीनें मोकळीं करा. त्यास अर्धा तास लागतो. आम्हीं तो अर्धा तास दोन वर्षें वांचविला, आणि त्याची किंमत घाटांतला एक वाटसरू देणार होता.

गाडी आम्ही अजूनही चिंचेखालींच ठेवतों. मात्र दर पंधरा दिवसांनीं जाळी साफ होते. पालघरला जातांना घाटांतील तें वळण आलें कीं कांच कितीही स्वच्छ असली तरी आम्ही गाडी हळू करतों आणि रस्त्याच्या कडेस पाहतों. इरलें घेतलेलीं माणसें पावसाळ्यांत तेथें अजूनही दिसतात. त्यांतला तो कोणता, हें आम्हांस ओळखतां येत नाहीं. म्हणून सर्वांसच वाट देतों.